दोन्ही बाजूंनी कडी

आमचे शेजारी अंबादासराव पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा चहा दोनदा गरम करावा लागला. माणूस वेळेवर आला होता, पण फाटकातून आत येईना. फाटक अर्धं उघडायचा, कान लावायचा, परत लोटायचा. मग गुडघ्यावर बसून खालच्या बिजागरीत नख घालून बघायचा. आम्ही पुण्याहून हैदराबादला येऊन विद्यानगरातलं हे घर नुकतंच घेतलं होतं, आणि शेजारी कसे निघतात याची धाकधूक होतीच. खिडकीतून बघत सासूबाई म्हणाल्या, "चोर असेल तर फारच सावकाश काम करतोय."

शेवटी अंबादासराव आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, हे फाटक घराचं नव्हे. शाळेचं आहे. कडी बाहेरून आहे बघा, पोरं मधल्या सुट्टीत पळू नयेत म्हणून. घराला याचा मकसद काय?"

मी घराच्या आधीच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, हो, जामबागेत एक जुनी शाळा पाडत होते, तिथून आणलं. तुम्हाला कुणी सांगितलं? मी शेजाऱ्यांचं नाव घेतलं, तर ते फोनवर बराच वेळ हसले आणि "शुभेच्छा" म्हणाले. त्या शुभेच्छांचा अर्थ पुढच्या रविवारी कळला.

मकसद हा अंबादासरावांचा लाडका शब्द. आपण उपयोग म्हणतो, हेतू म्हणतो, उद्देश म्हणतो. त्यांचं सगळं मकसदवर भागतं. पिझ्झ्याच्या खोक्यात मधोमध ती पांढरी प्लास्टिकची तिपाई असते, तिचा मकसद त्यांनी मला विचारला आणि मला सांगता आला नाही. माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या पट्ट्याचा मकसद विचारला. सासूबाईंना त्यांच्या दुपारच्या झोपेचा मकसद विचारला, आणि त्यानंतर सासूबाई त्यांच्याशी पंधरवडाभर बोलल्या नाहीत.

घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीवालं. आजोबांच्या वेळेपासून मंडळी हैदराबादेत. बेगम बाजारात त्यांचं कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपांचं दुकान होतं. मूलबाळ नाही, त्यामुळे दुकान आता पुतण्या बघतो. पुतण्यानं हल्लीची ती आवाज न करता बंद होणारी बिजागरी विकायला सुरुवात केली, त्या दिवसापासून अंबादासरावांनी दुकानाची पायरी चढणं सोडलं. "दार लागल्याचा आवाजच येईना म्हणल्यावर ते लागलं कशावरनं समजायचं?" हा त्यांचा प्रश्न. माझं मराठी पुण्याचं, त्यांचं उदगीरला जन्मलेलं आणि बेगम बाजारात मुरलेलं. "काय करायलाव बाई?" अशी हाक भिंतीपलीकडून आली की समजायचं, रविवार गेला.

कारण त्यांचा नाद. हैदराबादच्या बाहेर पडलं, शंकरपल्ली, चेवेळ्ळा, सदाशिवपेट अशा कुठल्याही बाजूला, की शेतात मधेच जुने दरवाजे उभे दिसतात. आजूबाजूला काहीच नाही. भिंत गेली, घर गेलं, माणसं गेली, कापसाच्या पिकात नुसता दरवाजा उभा. भिंतीचे दगड लोक गोठ्याला नेतात, पण दाराच्या चौकटीला हात लावायला कचरतात. गावात विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात, धन आहे किंवा भूत आहे. अंबादासरावांना दोन्ही मान्य नाही. दरवाजा कुणी, कशासाठी, कुणाकरता केला हे ठरेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. गाडी त्यांना चालवता येत नाही. मला येते. "इथंच आहे, दहा मिन्टं," असं म्हणून त्यांनी मला एकदा विकाराबादच्या पुढे, दोन तास लांब नेलं होतं.

त्यांचा सिद्धांत सोपा. "दरवाजे दोनच जातीचे, बाई. एक आत ठेवणारे, एक बाहेर ठेवणारे. कडी कुठल्या बाजूला आहे तेवढं बघायचं. बाकी सगळी नक्षी."

आणि माणूस बिनचूक होता, हे कबूल करायलाच हवं. ज्वारीच्या शेतात दोन दगडी खांब होते, लोक त्याला राणीचा झोपाळा म्हणायचे. अंबादासरावांनी खांबातल्या खाचा मोजल्या, आडव्या लाकडाची जागा दाखवली, बाजूच्या दगडावर बसून बघितलं आणि सांगितलं, हा निजामाच्या वेळचा करोडगिरी नाका. करोडगिरी म्हणजे मालावरची जकात. "या दगडावर कारकून बसायचा. सावली याच बाजूला पडती दुपारी. दगड बघा कसा झिजलाय. सरकारी माणसाशिवाय इतकं कुणी बसत नाही."

एकदा मात्र घोळ झाला. शादनगरच्या बाजूला माळावर एक भलीमोठी कमान दिसली, वर हत्ती, खाली हत्ती. अंबादासराव गाडी थांबायच्या आधीच उतरले. काकतीय आहे म्हणाले, मग बहामनी आहे म्हणाले, मग दोन्ही आहे म्हणाले. मग त्यांनी हत्तीच्या सोंडेवर टिचकी मारली आणि सोंड हातात आली. झाडाखाली झोपलेला वॉचमन उठून आला. "सार, शूटिंग का है ये. नक्को छूना." अंबादासराव सोंड हातात धरून तसेच उभे राहिले. पण हरले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, "मकसद तरी कळला. हीरोनं लाथ मारून उघडायचं होतं ते. खालची फळी मुद्दाम कच्ची ठेवलेली."

याहून मोठं नुकसान एका सरपंचानं आमचं केलं, किंवा आम्ही त्याचं. गावाबाहेर जुना दगडी दरवाजा, गावानं तिथं 'ऐतिहासिक किल्ला' अशी पाटी लावलेली. सरपंचानं अंबादासरावांना मुद्दाम बोलावलं. मांडव, हार, शाल, आणि मागं शिजत असलेल्या मटणाचा वास. अंबादासराव दरवाज्यात गेले, बाहेर आले आणि माईकवर म्हणाले, हा किल्ला नाही, कोंडवाडा आहे. तुमच्या आजोबांच्या म्हशी दुसऱ्याच्या पिकात शिरल्या की सरकार इथं आणून कोंडायचं. एका वेळी एकच जनावर जाईल एवढीच वाट ठेवलीय, बाहेरून अडसर आहे. मी खालून त्यांना खुणा करत होते. शाल मिळाली नाही. मटण मिळालं नाही. गाडीच्या काचेला एकानं थोडं शेण लावलं.

"हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" मी परतीच्या वाटेवर चिडून विचारलं.

"दरवाज्याबद्दल खोटं नाही बोलायचं," ते म्हणाले. "माणसाबद्दल एखाद्या वेळी चालतं."

या सगळ्या फेऱ्यांत मागच्या सीटवर गोदाकाकू असायच्या. अंबादासरावांच्या पत्नी. इरकल नेसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत एक साडी, कंगवा आणि फडक्यात बांधलेली दशमी. सुरुवातीला मला वाटलं, बाई हौशी आहेत. मग तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की त्या प्रत्येक दरवाज्याशी गाडी थांबली की एकच विचारतात, "अहो, आलं का उदगीर?" आणि अंबादासराव दर वेळी तेच सांगतात, "जरा पुढं आहे."

काकूंचं मन गेली काही वर्षं मागंमागं चाललं होतं. आधी कालचं गेलं, मग घर गेलं, मग बेगम बाजार गेला. आता त्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात येऊन थांबल्या होत्या, माहेरची आठवण सगळ्यात जास्त येते त्या वर्षात. सकाळी उठल्या की पिशवी भरायच्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, अंबादासराव ते तोंडानं उच्चारत नसत. "हिला माहेरी जायचंय," एवढंच म्हणत. उदगीरला आता कुणी नव्हतं. एकदा ते त्यांना खरंच घेऊन गेले होते, तर माहेराच्या जागेवर मोबाईलचं दुकान होतं आणि काकू तिथं उभ्या राहून म्हणाल्या, हे कुठं आणलंत, मला उदगीरला न्या.

मग एका दुपारी अंबादासराव अंघोळीला गेले असताना काकू फाटक उघडून निघून गेल्या. आम्ही सगळे गल्ल्या पालथ्या घालत होतो. संध्याकाळी सापडल्या कोटी भागातल्या बसस्टॉपवर, पायात चप्पल नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला उदगीरची गाडी विचारत बसलेल्या. एका फळवाल्यानं सावलीत बसवून हातात पेरू दिला होता. अंबादासरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. घरी आल्यावर त्यांनी दुकानातल्या जुन्या मालाच्या खोक्यातून कुलूप काढलं आणि स्वतःच्या फाटकाला लावलं.

त्यानंतर रोज दुपारी आमच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा. आधी कुलूप हलवल्याचा. मग काकूंचा. "अहो, हे कुणी लावलं हो?"

"कुणास ठाऊक."

"किल्ली कुठंय?"

"शोधायलोय."

किल्ली त्यांच्या खिशात असायची. दरवाज्याबद्दल खोटं न बोलणारा माणूस रोज दुपारी आपल्याच फाटकाबद्दल खोटं बोलत होता, आणि पलीकडे काकू लहान मुलीसारख्या रडायला लागायच्या. मला ते ऐकवायचं नाही. घरून काम असलं की मी लॅपटॉप उचलून पुढच्या खोलीत जायचे.

एकदा भिंतीपाशी त्यांनी मला अडवलं. डोळे लाल. "बाहेर सोडली तर हरवती, बाई. आत ठेवली तर रडती. जन्मभर कोंडवाड्याला शिव्या घातल्या मी. असलं एखादं दार दाखवा मला, माणूस बाहेर तर पडंल आणि हरवणार नाही." रविवारी जाऊ या कुठंतरी, मी म्हणाले.

सदाशिवपेटच्या पुढं तो दरवाजा सापडला आणि अंबादासरावांचा सिद्धांत कोसळला. तुरीच्या शेतात दगडी चौकट, तिच्यात एकच जाड सागवानी दार. उंची माझ्या कपाळाएवढी, म्हणजे वाकूनच जायचं. आणि साखळीची कडी दोन्ही बाजूंना. तिकडूनही आणि इकडूनही. अंबादासराव इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, मधेच उंबऱ्यावर बसले.

"आत ठेवणारं म्हणावं तर आत कुठली बाजू?" ते पुटपुटले. "आणि बाहेर ठेवणारं म्हणावं तर बाहेर कुठली?"

पुढचे सगळे रविवार त्या दाराला गेले. माझा तर्क होता की भांडलेले दोन भाऊ असणार. सासूबाईंचा तर्क असा की अंबादासरावांसारख्याच कुणी तरी कडी दोनदा बसवून ठेवली असणार. अंबादासरावांनी रेशीम कारखाना, तुरुंग, दारूचं गोदाम आणि घोड्यांचा दवाखाना असे चार मकसद काढले आणि चारही स्वतःच खोडले. चिडचिडे झाले. आमच्या घरातल्या कपाटाच्या दारांकडेही संशयानं बघायला लागले.

त्यात शेताचा मालक, व्यंकटन्ना म्हणतात त्याला, प्लॉट पाडायला निघाला. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, मनानं वाईट नाही. त्याची अट साधी होती. "देखो सार, टेंपल का है बोले तो छोड देतूं. दरगाह का है बोले तो भी छोड देतूं. कौन पाप लेता. कुछ भी नहीं बोले तो सोमवार को जेसीबी."

"हो म्हणा ना," मी गाडीत त्यांना म्हणाले. "देवळाचं आहे म्हणा. दार वाचेल."

"कुठल्या देवळाला दोन्हीकडून कडी असती?"

"त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना." आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

तो शेवटचा रविवार. उन्हानं जीव नकोसा झालेला. अंबादासराव दाराच्या पलीकडे गेले, तिकडची कडी स्वतः लावली, इकडची मला लावायला सांगितली आणि तिकडं दगडांत काहीतरी चाचपत बसले. मी कंटाळून गाडीच्या सावलीत आले. तेवढ्यात काकू स्वतःच गाडीचं दार उघडून उतरल्या. पदर नीट केला, पिशवी काखेत धरली, आणि शेतातल्या ढेकळांवरून सरळ त्या दाराकडे निघाल्या. मी मागं धावले.

काकूंनी इकडची कडी काढली. दार ढकललं. हललं नाही. मग त्यांनी साखळी धरून दारावर हलकेच वाजवली, एकदा, दोनदा, आणि सुरात हाक मारली, "वैनी, अहो वैनी. विरजण आहे का थोडं?"

काकूंना घाई नव्हती. पलीकडची बाई कामात असेल, हात पुसून येईल, तोवर आपण उभं राहायचं, अशा त्या उभ्या होत्या. मग तिकडची कडी पडल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. काकू सवयीनं वाकल्या, डोक्याला न लागता पलीकडं गेल्या.

"तुम्ही हितं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वैनी कुठं गेल्या?"

"येतील," अंबादासराव म्हणाले. "बस जरा."

काकू तिथल्या दगडावर बसल्या. पदरानं वारा घेतला. वैनीच्या मुलीचं जमलं का, अशी चौकशी केली. फडक्यातली दशमी काढून अर्धी नवऱ्याला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मग आपणहून उठल्या आणि म्हणाल्या, "चला घरी. लई वेळ झाला." विद्यानगर येईपर्यंत त्यांनी उदगीरचं नाव काढलं नाही. किती महिन्यांत पहिल्यांदा.

पण त्याआधी अंबादासरावांनी शेतात जो नाच केला तो सांगायला हवा. या वयात इतकं पळू नये. "हे बघा, इकडं चुलीचा ओटा! तिकडं पण आहे! दोन घरांची मागची अंगणं आहेत ही, बाई. बायकांचं दार आहे. हिच्या माहेरी, उदगीरला होतं की असलं, हिच्या आईचं आणि शेजारच्या बेगमसाहेबांचं. रस्त्यावर न येता बाई बाहेर पडायची. तिकडच्या बाईनं काढली आणि इकडच्या बाईनं काढली तरच उघडणार. मी गडी माणूस, मी कशाला जातोय तिथनं कधी. मी कारकून बघत बसलो, शिपाई बघत बसलो." मग एकदम थांबले आणि काकूंकडे बघत राहिले. काकू तुरीची एक शेंग सोलत होत्या.

व्यंकटन्ना मोटारसायकलवरून आला. "क्या निकला सार? टेंपल?"

मी अंबादासरावांच्या पायावर पाय दिला.

"नहीं," ते म्हणाले. "औरतां का रस्ता था. इस घर से उस घर."

"पूजा-वूजा कुछ?"

"पूजा नहीं. दही."

व्यंकटन्नानं कपाळावरचा घाम पुसला. त्याची निराशा झाली होती. "दही के वास्ते तो प्लॉट नहीं छोड सकतूं, सार."

"नक्को छोडो. मेरे कू देव."

मला तेव्हा शंका आली की या माणसानं सचोटीपायी खरं सांगितलं की दार घरी न्यायचं म्हणून. आजही ठाम सांगता येत नाही. व्यंकटन्ना चहावर राजी झाला. सोमवारी जेसीबीनंच दारासकट चौकट अलगद उपटून दिली आणि ती मालाच्या रिक्षातून विद्यानगरला आली. सगळी गल्ली बघायला जमली.

त्या संध्याकाळी अंबादासराव आमच्याकडे आले. या वेळी फाटकात थांबले नाहीत. सासूबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "तुमच्या आमच्या मधल्या भिंतीला भोक पाडायचं म्हणतो."

"लोक दार बुजवून भिंत घालतात," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं उलटंच. आणि माझ्या घरात रोज कुणी येणार, मला विचारलं का?"

"तेच विचारायलोय. तुमच्या बाजूची कडी तुमच्या हातात. नको वाटंल त्या दिवशी काढू नका. तिला वैनी कामात आहेत म्हणून सांगतो."

सासूबाईंना हैदराबाद आवडत नव्हतं. भाजीवाल्याशी बोलता येत नाही, पेपर येत नाही, देवळात ओळखीचं कुणी नाही, हे त्या दिवसातून तीनदा सांगत. शिवाय दुपारी एक ते चार ही त्यांची झोप. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "दुपारी एक ते चार नाही," असं म्हणून आत निघून गेल्या. ती परवानगी आहे हे अंबादासरावांना मी समजावून सांगितलं.

गवंड्याला अंबादासरावांनी इतकं छळलं की तो दोनदा काम सोडून गेला. दार बसलं. आणि पहिल्याच दिवशी, दुपारी दोन वाजता, कडी वाजली. सासूबाई कुरकुरत उठल्या. काकू पिशवी घेऊन वाकून आत आल्या, अंगण बघितलं, सासूबाईंना बघितलं, आणि त्यांच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "आई, किती वाट बघायला लावलंस."

सासूबाई पुण्याच्या. चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "अहो, मी तुमची आई नाही, मी शेजारची," असं त्यांनी पहिले काही दिवस रोज सांगितलं. काकू हसून मान हलवायच्या आणि परत आई म्हणायच्या. वयानं दोघींत फार तर एक-दोन वर्षांचं अंतर, आणि मोठ्या काकूच. मग एक दिवस मी खोलीतून ऐकलं, सासूबाई म्हणत होत्या, "दमलीस का गं? बस. केस काय झालेत बघ. तेल लावते." त्यानंतर एक ते चारचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

पलीकडच्या फाटकाचं कुलूप तसंच होतं, पण ते कुणी हलवत नव्हतं.

अंबादासराव मात्र त्या वेळात कधी दारातून आत येत नसत. मला हे विचित्र वाटायचं. हौसेनं दार बसवलं, आणि स्वतः पलीकडं. परवा घरून काम करत होते, तेव्हा कळलं.

साडेचारच्या सुमाराला कडी वाजली. सासूबाईंनी आतूनच विचारलं, "कोण?"

"मी," पलीकडून आवाज आला. घसा खाकरून, फार अदबीनं. "न्यायला आलोय."

सासूबाईंनी दार उघडलं. अंबादासराव उंबऱ्याच्या त्या बाजूला उभे होते, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात पुड्यात बांधलेला गजरा. सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखे आत न शिरता अवघडून उभे. काकू सासूबाईंच्या मागं लपल्या.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "आजचा दिवस राहू दे ना. उद्या जाते म्हणावं."

सासूबाईंनी अंबादासरावांकडे बघितलं.

"काही हरकत नाही," अंबादासराव म्हणाले. "उद्या येतो." गजरा सासूबाईंच्या हातात दिला, नमस्कार केला आणि दार स्वतःच ओढून घेऊन गेले. त्यांच्या रिकाम्या घरात पंखा लागल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

काकूंनी गजरा माळला. चहा झाला. बडीशेप झाली. काकू अंगणात एक फेरी मारून आल्या, आकाशाकडे बघितलं.

पुन्हा कडी वाजली. सासूबाईंनी दार उघडलं.

अंबादासराव होते. शर्ट बदलून आले होते.